ग्रिप की किलोमीटर?

"ग्रिप पाहिजे की किलोमीटर?" नाना पेठेतल्या टायरच्या दुकानात काउंटरमागच्या काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "दोन्ही."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग दोन सेट घ्या."

उत्तर पुणेरी होतं, पण चुकीचं नव्हतं. माझ्याकडे एक सेकंडहँड पोलो आहे, चाकणला बनलेली. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी मी ती ट्रॅक डेला नेतो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि समोरून ट्रक, म्हैस किंवा राँग साइडची स्कूटर येणार नाही अशा बंद रस्त्यावर आपलीच गाडी हवी तशी पळवायची. सोमवारी तीच गाडी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असते आणि सुट्टीत आई-बाबांना घेऊन एक्स्प्रेसवेवर. दोन सेट ठेवायला बाल्कनीत जागा नाही आणि पगारातही नाही.

गेल्या एप्रिलमध्ये मी फक्त किलोमीटर बघून टायर घेतले होते. "साठ हजार आरामात जातील," असं त्या वेळच्या दुकानदाराने सांगितलं होतं. ट्रॅकवर चौथ्या सेशनला पुढच्या डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेचे लचके निघायला लागले, भाकरीचा काठ मोडावा तसे. मधली नक्षी जवळपास नवी होती. साठ हजार किलोमीटरचा टायर एका दुपारी संपला!

घरी आल्यावर आजोबांनी तो टायर बघितला. आजोबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी टायरवरून तळवा फिरवला, आधी एका दिशेने, मग उलट्या, आणि म्हणाले, "रबर गेलं त्याचं काही नाही रे. आतलं कापड शाबूत आहे का ते बघ."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बराच इतिहास वाचावा लागला.

मिशेलिनचा तो गुबगुबीत माणूस पांढरा का आहे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? कारण १८९८ मध्ये तो जन्मला तेव्हा टायर फिकटच असायचे. रबराचा चीक दुधासारखा आणि त्यात झिंक ऑक्साइड मिसळलेलं, त्यामुळे काळा रंग येणार कुठून? हवा भरलेला टायर तेव्हा नवा होता. बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने १८८८ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो बनवला. (थॉमसन नावाच्या माणसाने हीच कल्पना १८४५ मध्येच पेटंट केली होती, पण बाजार तयार नव्हता. स्टार्टअपवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.) १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार उतरवली. वाटेत पंक्चर काढता काढता त्यांचा जीव गेला, ठरलेल्या वेळेत ते पोचलेच नाहीत. पण गाडी हवेवर चालते हे लोकांनी पाहिलं.

१९०४ मध्ये लंडनजवळ सिल्व्हरटाउनच्या एका रबर कारखान्यात लक्षात आलं की रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी चिवट होतं. पुढच्या काही वर्षांत टायर काळे झाले आणि त्यांचं आयुष्य अनेक पटींनी वाढलं. म्हणजे टायरचा काळा रंग ही टिकाऊपणाच्या शोधाची खूण आहे. त्या कारखान्याच्या कंपनीच्या नावात 'इंडिया रबर' असं होतं, पण त्यात आपला काही संबंध नव्हता. इंग्रज तेव्हा रबरालाच इंडिया रबर म्हणायचे, वेस्ट इंडीजवरून.

आता आपल्याकडे येऊ. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली. ती धावली त्या रस्त्यांवर, आणि पुढची तीसेक वर्षं राज्यातल्या बहुतेक रस्त्यांवर, टायरकडून एकच अपेक्षा होती. खडी, खड्डे, उन्हाळा आणि टपापर्यंत भरलेली गाडी, हे सगळं सोसून त्याने चालत राहावं. नक्षी गुळगुळीत झाली की टायर फेकायचा नाही, त्यावर नवं रबर चढवायचं. आपल्या भाषेत रिमोल्ड. आजोबांच्या लेखी रबर म्हणजे कपडे. ते फाटणार, बदलायचे. आतलं नायलॉनचं कापड, म्हणजे केसिंग, ते शरीर. ते शाबूत तर टायर जिवंत.

एमआरएफची गंमत अशी की आज शर्यतीच्या टायरसाठी ओळखली जाणारी ही कंपनी खेळण्यातले फुगे बनवण्यापासून सुरू झाली आणि १९५२ पासून टायर नव्हे, तर असं वरून चढवायचं रबर बनवू लागली. टायर नंतर आले. मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता. तो पुढे बॉम्बे टायर इंटरनॅशनल झाला (या नावाचा सुप्रीम कोर्टाचा १९८३ चा अबकारी करावरचा निकाल टॅक्सचे वकील आजही सांगतात) आणि मग मोदीस्टोन. मूळची इटलीतल्या तुरीनची सिएट १९५८ मध्ये भारतात आली आणि भांडुपला तिचा कारखाना उभा राहिला.

या कंपन्यांची चित्रं आठवा. एमआरएफचा टायर उचलून धरलेला पैलवान. सिएटचा गेंडा. दोघंही ताकदवान, दोघंही ओझं वाहणारे. वळणावर रस्ता घट्ट पकडणारा प्राणी कुणी बोधचिन्हावर घेतला नाही, चित्ता नाही, घोरपड तर नाहीच. महाराष्ट्रात तरी घोरपडीला मागणी असायला हरकत नव्हती. पण टायर विकत घेणारा गिऱ्हाईक ट्रकमालक होता, आणि ट्रकमालक ग्रिप विचारत नाही. आपल्या बाजारात 'टिकाऊ' या शब्दाचा अर्थ त्याने ठरवला.

तो अर्थ रेडियल टायरच्या वेळी आडवा आला. जुन्या टायरमध्ये कापडाचे थर तिरके, एकमेकांना छेद देत असतात. चाक फिरतं तसे ते थर एकमेकांवर घासतात आणि तापतात. मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियलमध्ये दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. बाजूची भिंत लवचीक, तळवा ताठ. उष्णता कमी, आयुष्य जास्त आणि ग्रिपही जास्त. भारतात जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल आणला, तरी ट्रकवाल्यांनी त्याला कित्येक वर्षं जवळ केलं नाही. एक तर महाग. दुसरं, क्षमतेबाहेरचा माल आणि दोन-तीनदा रिमोल्ड हे गणित जुन्या नायलॉनवर बसलेलं. तिसरं म्हणजे रेडियलची भिंत खाली थोडी फुगते, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं की हवा कमी आहे.

हवा कमी असणं हा खरा मुद्दा पुढे आला, तो २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला तेव्हा. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, काँक्रीट, सिग्नल नाही. त्याआधी आपली गाडी सलग तासभर एका वेगाने पळालीच नव्हती. जुन्या रस्त्यावर खंडाळ्याला थांबून वडापाव व्हायचा, टायरही विश्रांती घ्यायचे. एक्स्प्रेसवेवर टायर फुटू लागले आणि दोष आला काँक्रीटवर. "काँक्रीट तापतं, हवा प्रसरण पावते, टायर फुटतो." अजूनही प्रत्येक फॅमिली ग्रुपवर हा मेसेज येतो, आणि म्हणून लोक हवा मुद्दाम कमी ठेवतात.

बारावीचं फिजिक्स लावून बघा. ३० अंशांना ३३ पीएसआय हवा भरली आणि टायर आतून ८० अंशांपर्यंत तापला, तर दाब होतो सुमारे ४१. धड टायर याहून कितीतरी जास्त सोसतो. उलट हवा कमी असेल तर भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते. तार हाताने मागे-पुढे वाकवली की गरम होते तसंच. आतल्या थरांना धरून ठेवणारं रबर सुटायला लागतं आणि एका क्षणी सगळं फाटतं. म्हणजे मरतं ते कापड. नक्षी शाबूत असलेला टायर फुटलेला दिसतो तो यामुळे, आणि आजोबा म्हणत होते ते हेच.

म्हणजे टिकाऊपणा एक नसून दोन आहेत. झिजेला टिकणं वेगळं आणि उष्णतेला टिकणं वेगळं. पैलवान आणि गेंड्याने आपल्याला पहिलं शिकवलं. दुसऱ्याचा सगळ्यात मोठा धडा मी बाबांच्या मांडीवर पेंगत बघितला होता, १९ जून २००५ च्या रात्री.

त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये नियम होता की क्वालिफायिंग आणि शर्यत मिळून एकच सेट, मध्ये टायर बदलायचे नाहीत. मिशेलिनचे टायर अफाट होते. त्या मोसमातल्या १९ पैकी १८ शर्यती त्यांनी जिंकल्या. राहिली ती अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची. तिथलं तेरावं वळण ओव्हल ट्रॅकचा भाग होतं. उतरत्या पृष्ठभागावरून पूर्ण वेगाने जाताना टायर नुसता वळत नाही, वरून दाबलाही जातो. शुक्रवारच्या सरावात तिथे राल्फ शूमाकरचा डावा मागचा टायर गेला. मिशेलिनने संघांना कळवलं की या वळणावर आम्ही या टायरची खात्री देऊ शकत नाही. तिथे वेग कमी करणारं वळण टाकायची मागणी झाली, ती मान्य झाली नाही. रविवारी फॉर्मेशन लॅप संपताच मिशेलिनवरच्या १४ गाड्या वळून पिटमध्ये गेल्या. ब्रिजस्टोनवरच्या फक्त सहा गाड्या ७३ लॅप पळल्या. त्यात जॉर्डनमध्ये होता नारायण कार्तिकेयन. तो चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाला मिळालेले पहिले गुण ते.

बाबा आनंदाने ओरडले म्हणून मला जाग आली. प्रेक्षक ट्रॅकवर बाटल्या का फेकतायत ते मला कळलं नव्हतं. आज कळतं. सगळ्यात वेगवान टायरला त्या दिवशी एका वळणाची उष्णता आणि भार सोसवत नव्हता, आणि ज्याने गाडी थांबवायचं ठरवलं त्याचंच बरोबर होतं.

तर माझा सेट. टायरच्या भिंतीवर लिहिलं होतं १८५/६० आर १५ ८८ एच. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत, रिम इंचांत. असं एपीआय मी लिहिलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये सोललं असतं मला. ८८ म्हणजे ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. परदेशी वेबसाइटवर यालाच 'समर टायर' म्हणतात. युरोपात थंडीत, साधारण सात अंशांखाली, हे रबर कडक होतं म्हणून तिथे हिवाळी टायर वेगळे. पुण्यात उन्हाळी-हिवाळी हा भेद ज्वारीत असतो, टायरमध्ये नाही. आपले सगळेच उन्हाळी.

खरा उपयोगाचा आकडा अमेरिकी पद्धतीचा, ट्रेडवेअर. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या रस्त्यांवर टायर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर पळवून, प्रमाण टायरला १०० धरून तो काढतात. २०० म्हणजे मऊ आणि चिकट, ५०० म्हणजे माझ्या त्या साठ हजारवाल्याचा भाऊ. पण त्याच्या शेजारी ए, बी, सी असा तापमानाचाही दर्जा असतो. तिकडे कुणी बघत नाही, मीही बघितलं नव्हतं.

आपल्याकडे निवड मुळात कमी. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरच्या आयातीला परवान्याची अट घातली. चाकणला ब्रिजस्टोन, वाळूजला गुडइयर असे कारखाने दाराशी आहेत, पण ते बनवतात बाजाराला हवं ते, आणि बाजार अजून किलोमीटर विचारतो. मला राग ट्रॅकवाल्यांच्या सोयीसाठी येत नाही, आम्ही मूठभर आहोत. राग येतो तो एक्स्प्रेसवेसाठी. तिथे रोज जाणाऱ्या प्रत्येकाला उष्णतेचा दर्जा माहीत असायला हवा, आणि दुकानात तो कुणी सांगत नाही.

काकांकडून शेवटी मी भारतात मिळणारा मधला टायर घेतला. ट्रेडवेअर तीनशेच्या आसपास, तापमान ए, कडेचे ठोकळे मोठे आणि जोडलेले. "हे चाळीस हजार जाणार नाहीत," काका म्हणाले. मी म्हटलं, चालेल. मागच्या रविवारी ते ट्रॅकवर नेले. थंड असताना २६ पीएसआय ठेवली, म्हणजे चार लॅपनंतर तापून ३४ च्या आसपास येते. कडेला खडूची रेघ मारली, टायर किती आडवा पडतो ते बघायला. रेघ अर्धी पुसली गेली, लचका एकही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दादरला लग्न होतं. पहाटे साडेपाचला चिंचवडच्या पंपावर गाडी लावली. टायर थंड, गेजवर आकडा २६. याच हवेवर आई-बाबांना मागे बसवून शंभरच्या वेगाने घाटापर्यंत गेलो असतो, तर वरचं सगळं गणित मी त्यांच्यावर करून बघितलं असतं.

"किती मारू?" हवेवाल्या पोराने विचारलं.

"तेहतीस. चारही."

आजोबा पुढच्या सीटवरून उतरले, डाव्या टायरवरून तळवा फिरवला, आधी एका दिशेने, मग उलट्या. मग त्या पोराला म्हणाले, "स्टेपनी पण बघ रे."

स्टेपनीत अठरा होती.