थर्मल पेस्ट (जुन्या लॅपटॉपमधील)

लॅपटॉपचा प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा उष्णतावाहक लेप. यालाच थर्मल ग्रीस असेही म्हणतात. सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा चांदीची बारीक पूड मिसळून तो तयार करतात.

कार्य : दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांवर सूक्ष्म खाचा असतात व त्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, तांब्याची सुमारे ४००. चांगल्या पेस्टची साधारण ४ ते १२ असल्याने ती तांब्याची जागा घेऊ शकत नाही, केवळ हवेची घेते. त्यामुळे थर पातळच हवा.

बिघाड : वारंवार तापण्या-निवण्याने पेस्ट कडांकडे सरकते, तेल सुटून ती कोरडी पडते. पंखा सतत घोंगावतो. तापमान १००° से.च्या आसपास गेले की बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात. त्यानंतरही ते चढत राहिल्यास लॅपटॉप आपोआप बंद पडतो.

स्थानिक परिस्थिती : बुलढाणा जिल्ह्यात घाटावरील बुलढाणा शहराच्या तुलनेत घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या पूर्णा खोऱ्याच्या भागात उन्हाळा कडक असतो, पारा ४०° से.च्या वर जातो. खोलीचे तापमान जितके अंश वाढते, जवळपास तितकेच प्रोसेसरचेही वाढते. धूळ आणि जिनिंगच्या परिसरातील कापसाचे तंतू हीटसिंकच्या जाळीत अडकले, तर नव्या पेस्टचाही फारसा उपयोग होत नाही.

कृती : चार्जर काढून बॅटरीची जोडणी सोडवावी. हीटसिंकचे स्क्रू त्यावरील क्रमांकांच्या उलट क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कापडाने पुसावी. जाळी व पंखा साफ करावा. प्रोसेसरच्या उघड्या चिपवर पेस्टचा पातळ, सलग थर द्यावा आणि स्क्रू क्रमांकानुसार आवळावेत. शेजारच्या भागांवरील थर्मल पॅडच्या जागी पेस्ट लावू नये. तेथील फट तिने भरत नाही. गॅलियमयुक्त द्रवधातू अ‍ॅल्युमिनियम पोखरतो व वीजवाहक असतो, म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये तो टाळावा.

पेस्ट बदलूनही तापमान उतरले नाही, तर दोष पंख्यात, उष्णता नेणाऱ्या नळीत किंवा हीटसिंकच्या बसणीत शोधावा.