दोन घड्याळांतला फरक

शाळेच्या कार्यालयातले घड्याळ आणि आपल्या मनगटावरचे घड्याळ यांच्यात फरक दिसला, की आपण त्यातले एक चूक ठरवतो आणि दुसऱ्याशी जुळवून घेतो. खडकांमधल्या घड्याळांबाबत मात्र अशी घाई करून चालत नाही. तेथे हा फरकच इतिहासाचा पुरावा असू शकतो. हे उमगायला संशोधकांना जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

१८९७ साली लॉर्ड केल्विन यांनी पृथ्वीचे वय २ ते ४ कोटी वर्षे सांगितले होते. पुढे दहाच वर्षांत, १९०७ मध्ये, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बर्ट्रम बोल्टवुड यांनी त्याहून कितीतरी मोठे आकडे प्रसिद्ध केले. युरेनियमचा क्षय होत होत शेवटी शिसे उरते, हे त्यांनी ताडले होते. म्हणजे युरेनियमच्या धातुकात शिसे जितके जास्त, तितके ते धातुक जुने. या पद्धतीने त्यांना ४१ कोटींपासून २२० कोटी वर्षांपर्यंतची वये मिळाली. सर्वांत जुने ठरले श्रीलंकेतले थोरियनाइट.

हा शेवटचा आकडा मात्र साफ चुकला होता. थोरियमपासूनही शिसे तयार होते, हे बोल्टवुड यांनी हिशेबात धरलेच नव्हते. या थोरियनाइटचे खरे वय ५० ते ५५ कोटी वर्षांच्या आसपास आहे. हा आकडा लक्षात ठेवू या. शेवटी तो उपयोगी पडणार आहे.

१९११ साली इंग्लंडमध्ये आर्थर होम्स या तरुणाने हीच पद्धत अधिक काटेकोरपणे वापरली. १९१३ मध्ये सॉडी यांनी समस्थानिकांची कल्पना मांडली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस आल्फ्रेड निअर यांनी वस्तुमान-वर्णपटमापकाने शिशाची समस्थानिके वेगवेगळी मोजली. तेव्हा स्पष्ट झाले, की युरेनियमच्या धातुकात एक नव्हे, दोन घड्याळे आहेत. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ बनते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे. युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७ बनते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे. दोन्ही घड्याळे एकाच स्फटिकात, एकाच क्षणी सुरू झालेली. मग त्यांनी एकच वेळ दाखवायला हवी.

प्रत्यक्षात अनेक नमुन्यांत ती जुळेनात. असे नमुने खराब समजले जात. १९५५ मध्ये लुई आरेन्स यांनी ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, खनिजांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा त्या न जुळण्यातही एक शिस्त दिसली. १९५६ मध्ये जॉर्ज वेदरिल यांनी आलेख काढून तिचा अर्थ लावला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २०० कोटी वर्षांपूर्वी एक खनिज तयार झाले. ५० कोटी वर्षांपूर्वी तो खडक जमिनीत खोलवर दाबला व तापवला गेला. तो वितळला नाही, पण त्याचे रूपांतरण झाले. शिशाचे अणू युरेनियमच्या स्फटिकात मुळातच उपरे. अशा वेळी ते निसटू शकतात. समजा, तोवर साठलेले निम्मे शिसे निघून गेले. आज हिशेब केला, तर पहिले घड्याळ सुमारे १२९ कोटी वर्षे दाखवील आणि दुसरे सुमारे १५० कोटी. दोन्ही आकडे खोटे! वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना हे गणित गणकयंत्रावर करता येईल.

आता आलेखाच्या आडव्या अक्षावर शिसे-२०६ व युरेनियम-२३८ यांचे गुणोत्तर घेऊ, उभ्या अक्षावर शिसे-२०७ व युरेनियम-२३५ यांचे. दोन्ही घड्याळे जुळतात ते सर्व बिंदू एका वक्ररेषेवर येतात. कमी-अधिक शिसे गमावलेले नमुने मात्र एका सरळ रेषेत बसतात. ही रेषा वक्राला दोन ठिकाणी छेदते. आपल्या उदाहरणात वरचा छेद २०० कोटी वर्षांवर, म्हणजे जन्मकाळावर येईल. खालचा ५० कोटी वर्षांवर, म्हणजे रूपांतरणावर. एकटा नमुना यातले काहीच सांगू शकला नसता. ज्यांना खराब म्हटले, त्या सर्वांनी मिळून दोन्ही तारखा सांगितल्या.

अर्थात येथेही सावध राहावे लागते. शिसे एकदम न जाता कोट्यवधी वर्षे हळूहळू झिरपत गेले, तरी आलेखावर जवळपास तशीच रेषा दिसू शकते, हे जॉर्ज टिल्टन यांनी १९६० मध्ये दाखवले. म्हणून खालच्या छेदाची तारीख इतर खनिजांकडूनही पडताळून घेतात.

आता थोरियनाइटकडे वळू. श्रीलंकेतल्या रूपांतरित खडकांचा मूळ ऐवज याहून फार जुना आहे, काही ठिकाणी २०० कोटी वर्षांच्याही मागचा. पण सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी, गोंडवन हा महाखंड जुळत असताना, ते खडक प्रचंड उष्णता व दाब यांतून गेले. केरळमधल्या रूपांतरित खडकांतील मोनाझाइट या थोरियमच्या धातुकातही त्याच घडामोडीची खूण सापडते. तेव्हा श्रीलंका आणि दक्षिण भारत एकमेकांना लागून होते. म्हणजे बोल्टवुड यांच्या हाती पडलेले ते धातुक पृथ्वीच्या बालपणाची नव्हे, तर या उलथापालथीची तारीख सांगत होते.

प्रयोगशाळेत विद्यार्थ्याचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळले नाही, की वहीतला आकडा खोडला जातो. तो खोडण्याआधी त्याच्याबरोबर बसून एकदा विचारायला हवे: फरक पडला, तो का?