तुमच्याकडेच लाईट सारखी का जाते? फीडर, डीपी आणि लांब तारेचं गणित

पावसाळा सुरू झाला की एकाच ग्रुपमध्ये दोन प्रकारचे मेसेज येतात. दादरचा मित्र म्हणतो, "आमच्याकडे लाईट जातच नाही." संगमेश्वरकडची मैत्रीण म्हणते, "काल संध्याकाळपासून नाहीये, फोन ९ टक्क्यांवर आहे." राज्य एक, ग्रिड एक, मग हा फरक का?

"गावाकडे वीज कमी पाठवतात" हे उत्तर आपण पटकन देतो. पण रोजच्या बहुतेक खंडितपणाचं कारण वीज कमी असणं हे नसतं. वीज असते, ती तुमच्या घरापर्यंत पोचत नाही. ती कुठे अडकते ते पाहू.

वीज घरापर्यंत येते कशी?

वीजकेंद्रातून वीज ४०० किंवा २२० केव्हीवर निघते. ४०० केव्ही म्हणजे ४ लाख व्होल्ट. पुढे ती टप्प्याटप्प्याने १३२, ३३ आणि ११ केव्हीवर उतरते. सबस्टेशनमधून गावात किंवा वस्तीत येणारी ११ केव्हीची लाईन म्हणजे फीडर. फीडरवर ठिकठिकाणी ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांनाच गावात आपण डीपी म्हणतो आणि महावितरणच्या कागदावर ते 'रोहित्र' असतं. डीपीतून तीन फेज निघतात आणि त्यातली एक साधारणपणे तुमच्या घरी २३० व्होल्ट देते.

२०१२ च्या जुलैअखेरीस उत्तर भारतात झालं तसं अख्खं ग्रिड कोसळणं क्वचित घडतं. त्या वेळी ६० कोटींहून जास्त लोकांना फटका बसला होता. रोजची लाईट जाते ती शेवटच्या दोन टप्प्यांत, म्हणजे फीडर आणि डीपीवर.

कारण १ : तारेची लांबी

समजा, उघड्या तारेच्या दर १० किलोमीटरमागे वर्षाला २ बिघाड होतात. शहरातला फीडर ५ किलोमीटरचा असेल तर वर्षाला १ बिघाड. डोंगरातला फीडर फाट्यांसकट ६० किलोमीटरचा असेल तर १२. दोन्हीकडची तार तितकीच चांगली आहे, तरी बारापट फरक पडला.

त्यात फीडरवर कुठेही फांदी टेकली तरी सबस्टेशनमधला ब्रेकर पडतो आणि त्यावरची सगळी गावं एकदम अंधारात जातात. म्हणजे तुमच्या गावात पाऊसही नसताना लाईट जाऊ शकते.

कारण २ : दुसरा रस्ता नसणं

वेबसाईट एकाच सर्व्हरवर असेल तर तो बंद पडला की वेबसाईटही बंद. म्हणून मोठ्या कंपन्या दुसरा सर्व्हर तयार ठेवतात. विजेचंही तसंच आहे. मोठ्या शहरात बऱ्याच ठिकाणी फीडर एकमेकांना जोडता येतात. एका बाजूने बिघाड झाला तर तेवढा तुकडा वेगळा काढून बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज देतात.

गावाचा फीडर बहुतेक वेळा झाडाच्या फांदीसारखा असतो. बुंध्याजवळ तुटला की पुढचं सगळं गेलं. दुसरी लाईन ओढायची तर खर्च मोठा आणि ग्राहक थोडे, म्हणून ते काम मागे पडतं.

मुंबईला आणखी एक संरक्षण आहे. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहर वेगळं होऊन स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालावं, अशी 'आयलँडिंग' व्यवस्था तिथे १९८० च्या दशकापासून आहे. पण तीही अचूक नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचीच वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

कारण ३ : झाडं, वारा, पाऊस

मुंबई शहरात बहुतेक केबल जमिनीखाली आहे. कोकणात, घाटात उघडी तार जंगलातून जाते. उन्हाळाभर खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धूळ बसते. पहिल्या सरी पडल्या की ती ओली होते, तिच्यातून करंट वाहतो आणि फीडर पडतो. "ढग दिसले की लाईट जाते" ही चेष्टा इथूनच आलेली आहे.

वादळात तर खांबच आडवे होतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा अनेक गावांना वीज परत यायला बरेच दिवस लागले. दुरुस्तीचा क्रम ठरलेला असतो : आधी मोठी लाईन, मग ३३ केव्ही, मग ११ केव्ही आणि शेवटी गल्लीतली तार. वरची लाईन चालू नसताना खालची जोडून उपयोग नसतो. त्यामुळे टोकाच्या वाडीचा नंबर शेवटी लागतो.

कारण ४ : डीपीवरचा भार

तारेतून दुप्पट करंट गेला की तारेतली उष्णता चौपट होते. रब्बीत सगळे पंप एकदम सुरू झाले की डीपी तापते, टोकाच्या घरात बल्ब मंद होतो आणि शेवटी फ्यूज उडतो किंवा डीपीच जळते. परवानगीपेक्षा मोठी मोटर आणि आकडे यांनी भर पडते, कारण डीपी बसवताना हा भार हिशेबात धरलेला नसतो.

म्हणूनच महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा केला आहे. शेतीला थ्री फेज ठरावीक तासच मिळते, अनेकदा रात्री. घरात लाईट असताना पंप बंद असतो तो यामुळे, आणि साप-विंचवाच्या भीतीत रात्री पाणी द्यावं लागतं तेही यामुळेच. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ सोलर प्रकल्प उभे केले जात आहेत.

कारण ५ : वसुली

वीज खरोखर कमी पडते तेव्हा कुणाची बंद करायची? महावितरणने फीडरचे गट पाडले होते, 'ए' ते 'जी'. जिथे गळती, चोरी आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन जास्त. कंपनीच्या हिशेबाने हे बरोबर वाटतं. पण दर महिन्याला वेळेवर बिल भरणारं घर 'जी' गटाच्या फीडरवर असेल तर तेही अंधारात बसतं, कारण स्विच फीडरला असतो, घराला नाही. वीज कमी मिळते म्हणून लोक बिल भरत नाहीत, आणि बिल भरत नाहीत म्हणून दुरुस्तीवर खर्च होत नाही. हे चक्र तोडणं तारा बदलण्यापेक्षा अवघड आहे.

नेमकं काय गेलंय, कसं ओळखाल?

- फक्त तुमच्या घरात नाही : घरातला एमसीबी किंवा सर्व्हिस वायर.
- गल्लीतल्या काही घरांत नाही : डीपीवरची एक फेज.
- डीपीवरची सगळी घरं बंद : डीपी.
- अख्खं गाव किंवा शेजारची गावंही बंद : फीडर किंवा सबस्टेशन.

१९१२ वर किंवा कंपनीच्या ॲपवर तक्रार करताना हे सांगा आणि ग्राहक क्रमांक जवळ ठेवा. "लाईट नाही" यापेक्षा "डीपीवरची एक फेज नाही" या वाक्याने वायरमनचा शोध कमी होतो. दुसऱ्याने केली असेल म्हणून गप्प बसू नका. तक्रार क्रमांक जपून ठेवा. ठरलेल्या वेळेत दुरुस्ती झाली नाही तर भरपाईची तरतूद २०२० च्या केंद्रीय वीज ग्राहक हक्क नियमांत आहे, आणि तो क्रमांक हाच तुमचा पुरावा.

आणि एक गोष्ट कधीही करू नका : डीपीचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊ नका. लाईन बंद दिसते म्हणून ती बंद आहे असं नसतं. सबस्टेशनमधून ती कुठल्याही क्षणी चालू होऊ शकते, किंवा कुणाच्या तरी चुकीच्या जोडलेल्या जनरेटरमधून उलटा करंट येऊ शकतो. फोन दोन तास बंद राहिला तर चालतं.