राजाला लागू नसलेला नियम

एकाच संगणकावर अनेक प्रोग्रॅम एकाच वेळीं चालूं लागले, तेव्हां एकानें दुसऱ्याच्या स्मृतींत हात घालूं नये अशी तजवीज करणें भाग पडलें. नुसता नियम घालून हें भागण्यासारखें नव्हतें; नियम न पाळणारा प्रोग्रॅमही निघावयाचाच. म्हणून कुलूप यंत्रांतच बसवावें लागलें. मँचेस्टर विद्यापीठांत ७ डिसेंबर १९६२ रोजीं सुरू झालेल्या ॲटलस संगणकांत स्मृतीचीं ५१२ शब्दांचीं पानें पाडलेलीं होतीं, व हवें तें पान 'बंद' करण्याची सोय होती.

इंटेल कंपनीनें १९८५ मध्यें ८०३८६ हा प्रोसेसर काढला. त्यांतही पानें होतीं, आणि एखादें पान नुसतें वाचावयाचें कीं त्यावर लिहितां येईल याची खूणही होती. परंतु कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल (लष्करांतल्या कर्नलाशीं याचा कांहीं संबंध नाहीं), लिहूं लागला कीं यंत्र ही खूण विचारांतच घेत नसे. हा विश्वास अगदींच भाबडा नव्हता. खुणा करणारा गाभाच. त्याला कोण अडविणार?

अडचण निराळ्याच बाजूनें आली. युनिक्स वळणाच्या प्रणालींत एका प्रोग्रॅममधून दुसरा जन्मतो, तेव्हां सारी स्मृति लगेच नकलून काढीत नाहींत. दोघेही तींच पानें वाचतात. जो प्रथम लिहावयास जाईल तो अडतो, आणि मग त्याला निराळी प्रत मिळते. सगळी काटकसर त्या अडण्यावर! पण फाइलींतला मजकूर प्रोग्रॅमच्या पानावर उतरवून देणारा गाभाच असतो. तो न अडतां लिहूं लागला, तर एकाचा मजकूर दुसऱ्याच्या पानावर उमटावयाचा. म्हणून ३८६ वर लिनक्सच्या गाभ्याला लिहिण्यापूर्वीं तें पान स्वतः तपासून पाहावें लागे.

१९८९ च्या ८०४८६ मध्यें इंटेलनें गाभ्यालाही ही बंदी लागू करणारी एक कळ दिली. ती आपोआप लागलेली नसते. गाभ्यानेंच ती स्वतःवर दाबून घ्यावयाची. पुढें लिनक्स सुरू होतांना ही बंदी खरोखर पाळली जाते कीं नाहीं याची परीक्षा घेई. न पाळणाऱ्या यंत्रावर नव्या प्रोसेसरांसाठीं बांधलेला गाभा तेथेंच थांबे व ३८६ साठीं पुन्हां बांधण्यास सांगे. बांधणाऱ्यानें आधींच योग्य पर्याय निवडावयाचा, असा हा मामला होता.

डिसेंबर १९१२ नव्हे, २०१२ मध्यें, म्हणजे ३८६ निघाल्यावर सत्तावीस वर्षांनीं, लिनक्समधून त्याचा आधार काढण्यांत आला. लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ मध्यें ज्या यंत्रावर लिनक्स रचावयास घेतलें, तें ३८६ च होतें.