बॅग कुणाच्या जिवावर?

३ ऑगस्ट २०१६. तिरुवनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं विमान दुबईच्या धावपट्टीवर आपटलं, पोटावर घसरत गेलं आणि पेटलं. आत ३०० माणसं. त्याचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. केबिनमध्ये धूर, कर्मचारी ओरडतायत, आणि लोक वरच्या कप्प्यातून बॅगा काढतायत. कुणाला लॅपटॉप हवाय. तेव्हा मीही हसलो होतो.

सगळे ३०० वाचले. पण विमान थांबल्यावर साधारण ९ मिनिटांनी इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला. आग विझवायला आलेला एक जवान त्यात गेला.

अशा वेळी एकेका क्षणाची किंमत काय, हे १९८५ सालीच कळलं होतं. २२ ऑगस्टला मँचेस्टरला एक बोईंग ७३७ धावपट्टीवर असतानाच पेटलं. उडालंसुद्धा नव्हतं, तरी ५५ जण गेले. बहुतेक भाजून नाही, धुराने. त्यानंतर सीटला आग लवकर न धरणारं कापड आलं, जमिनीलगत दिवे आले. अर्धेच दरवाजे वापरून ९० सेकंदांत विमान रिकामं करून दाखवायचं, हा नियम तर त्याच्याही आधीचा. पण मधल्या वाटेत कुणी बॅग ओढत उभा राहिला, तर मागच्या रांगेचं काय?

आता हानेदा, टोकियो. २ जानेवारी २०२४. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. छोट्या विमानातले ५ जण गेले. मोठ्या विमानाचे ८ पैकी ३च दरवाजे वापरता आले, तरी ३७९ च्या ३७९ बाहेर पडले, जवळपास सगळे रिकाम्या हातांनी. नंतर विमान जळून खाक झालं.

‘जपानी शिस्त’ म्हणून हा विषय संपवू नका. १९८५ च्याच ऑगस्टमध्ये याच कंपनीच्या अपघातात ५२० माणसं गेली होती. त्या विमानाचे अवशेष कंपनीने जपून ठेवलेत, कर्मचाऱ्यांनी विसरू नये म्हणून.

आणि दुबईच्या प्रवाशांना मूर्खही म्हणू नका. आखातात नोकरी करणाऱ्याची अख्खी रोजीरोटी पासपोर्टात असते. तो बॅगेत राहिला की हात आपोआप वर जातो.

म्हणून मी आता एकच करतो. विमान उडताना आणि उतरताना पासपोर्ट, मोबाइल, रोजच्या गोळ्या खिशात. मग वर उरतात फक्त कपडे. त्यांच्यासाठी मागच्याला थांबवून ठेवायचं का, याचा विचारही करावा लागत नाही.