अंगणातील पाहुणा : टँजिअरचा यहुदी विवाह (१८३२) आणि दलाक्र्वाची साक्ष

परधर्मीय पाहुण्याने लिहून ठेवलेले विवाहवर्णन हे सामाजिक इतिहासाचे एक साधन म्हणून सर्रास वापरले जाते. परंतु हा पाहुणा नेमका कोठे उभा होता, त्याला कोणी बोलाविले होते आणि का, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. मोरोक्कोतील यहुदी समाजाच्या इतिहासात अशा साक्षींमध्ये अग्रमान फ्रेंच चित्रकार अझेन दलाक्र्वा याचा आहे. २१ फेब्रुवारी १८३२ रोजी टँजिअर येथे तो एका यहुदी घरच्या लग्नाला उपस्थित होता. त्या दिवसाची त्याची टिपणे, पुढे १८४१ च्या पॅरिसच्या सालाँ प्रदर्शनात मांडलेले तैलचित्र आणि १८४२ च्या आरंभी ‘मागाझँ पितोरेस्क’ या लोकप्रिय सचित्र नियतकालिकात त्याने लिहिलेला लेख, अशी तीन साधने आपल्यापुढे आहेत. तिन्ही एकाच डोळ्यांची आहेत. पण ती एकच गोष्ट सांगत नाहीत.

दलाक्र्वा मोरोक्कोत गेला तो हौशी प्रवासी म्हणून नव्हे. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीअर्स जिंकल्यानंतर शेजारच्या मोरोक्कोचा सुलतान अब्द अल्-रहमान याच्याशी सलोखा राखणे फ्रेंच सरकारला निकडीचे झाले, आणि त्यासाठी काउंट द मॉर्ने याच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठविण्यात आले. तेहतीस वर्षांचा हा चित्रकार मॉर्नेचा सोबती म्हणून त्यात सामील झाला. ११ जानेवारीस तुलाँहून निघालेले जहाज २४ जानेवारीस टँजिअरला पोहोचले. सुलतानाच्या भेटीसाठी मेक्नेसकडे प्रयाण मात्र ५ मार्चलाच झाले. मधला सव्वा महिना टँजिअरमध्ये काढावा लागला, आणि याच सक्तीच्या मुक्कामात हा विवाह येतो.

या काळात चित्रकाराला यहुदी घरेच का उघडी झाली, याचे उत्तर त्याच्या पत्रांतच आहे. मुसलमानांत चित्राविषयी असलेला विरोध आणि त्यांच्या घरांतील पडदा यांमुळे त्याला रेखाटन करणे अवघड जात होते, अशी त्याची तक्रार आहे. यहुदी घरांतील स्त्रिया तोंड झाकीत नसत. परका पुरुष दारात आला तर घर बंद होत नसे. पण केवळ रीतिरिवाजाने हे उत्तर पूर्ण होत नाही. या घरांत त्याला नेणारा मनुष्य अब्राहम बेनशिमोल हा होता, आणि तो फ्रेंच वकिलातीचा दुभाषा होता. बेनशिमोलची पत्नी सादा आणि एक मुलगी यांचे दलाक्र्वाने काढलेले जलरंगचित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मोरोक्कोतील यहुदी हे इस्लामी राज्यातील ‘धिम्मी’ प्रजाजन होते. जिझिया भरून त्यांना जीविताचे व धर्माचे रक्षण मिळे. पण पोशाख, वाहन, मशिदीसमोरून जाण्याची रीत अशा अनेक बाबींत त्यांच्यावर निर्बंध असत, आणि ते कितपत काटेकोर पाळायचे हे गावागावावर व अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे. अशा स्थितीत परकीय वकिलातीचा आश्रय ही मोठी मालमत्ता होती. तेव्हा फ्रेंच शिष्टमंडळातील मनुष्य लग्नघरात मानाने वावरतो, हे यजमानपक्षाच्या भाबड्या अगत्याचेच लक्षण मानणे भोळेपणाचे होईल. अगत्य खरे होते. त्यात हिशेब नव्हता असे मात्र नाही.

आता चित्राकडे वळू. सुमारे १०५ गुणिले १४० सेंटिमीटरचा हा कॅनव्हास आज लूव्ह्रमध्ये आहे. चुन्याने रंगविलेल्या भिंतींचे अंगण, वर हिरव्या लाकडी कठड्याची माडी, भिंतीला टेकून बसलेले वादक, त्यांच्यासमोर नाचणारी एक स्त्री आणि दोन्ही अंगांना दाटलेला जमाव. एका भिंतीवर ऊन पडले आहे व बाकीची माणसे सावलीत आहेत. १८३२ च्या टिपणांत हे तपशील तुकड्यातुकड्यांनी येतात. व्हायोलिनवाल्याचा अंगठा, हाताखालची दाट सावली, डोक्यावरून घेतलेल्या वस्त्राची अर्धपारदर्शकता, दाराशी उभे असलेले मूर आणि यहुदी. चित्रकाराला त्या क्षणी लग्न दिसत नव्हते, प्रकाश दिसत होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. इतिहासकाराला याचा तोटा आहे तसाच फायदाही आहे. कारण जे लिहिण्यामागे काही मत नाही, ते पुष्कळदा अधिक विश्वसनीय असते.

प्रदर्शनाच्या सूचीत या चित्राखाली जे स्पष्टीकरण छापले होते त्याचा आशय असा : मूर व यहुदी येथे एकमेकांत मिसळले आहेत, वधू आतल्या दालनात बंद आहे व उरलेल्या घरात आनंदोत्सव चालू आहे, प्रतिष्ठित मूर वादकांना पैसे देतात, हे वादक रात्रंदिवस गातवाजवीत असतात, नाचतात त्या केवळ स्त्रिया, एकीमागून एक. म्हणजे दलाक्र्वा हा या घरातील एकमेव परधर्मीय पाहुणा नव्हता. मुसलमान शेजारी तेथे आधीपासूनच होते, आणि त्यांचे येणे कोणाला नवलाचे वाटत नव्हते. फेझ किंवा मेक्नेसप्रमाणे टँजिअरमध्ये यहुद्यांसाठी तटबंदीचा ‘मेल्लाह’ नव्हता. ते मुसलमानांच्या शेजारी राहत. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्यांचे हे वंशज घरात ‘हाकेतिया’ ही स्पॅनिशची बोली बोलत, बाजारात अरबी बोलत. त्यामुळे शेजाऱ्याच्या लग्नाला जाणे हा येथील व्यवहाराचाच भाग होता.

या ठिकाणी पंचांगाचा एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. हिजरी सन १२४७ चा रमजान १८३२ च्या फेब्रुवारीच्या प्रारंभी लागला होता. शिष्टमंडळ टँजिअरला अडकून पडले त्याचे हेही एक कारण. म्हणजे २१ फेब्रुवारी हा उपवासाच्या ऐन मध्यावरचा दिवस होय. चित्रात लखलखीत ऊन आहे, मूर पाहुणे आहेत, आणि पंगत मात्र नाही. सूचीतही मूर मंडळी पैसे देतात, जेवतात असे म्हटलेले नाही. दलाक्र्वाने हे जाणून केले असे मानण्यास आधार नाही. नऊ वर्षांनी पॅरिसमध्ये बसून जुळविलेल्या चित्राकडून तेवढी अपेक्षाही करू नये. तथापि दिवसाउजेडी गाणे ऐकावे आणि अन्नाला हात लावू नये, अशी त्या महिन्यातील मुसलमान पाहुण्याची स्थिती या साधनांशी विसंगत नाही, एवढे नोंदविण्यास हरकत नाही.

वादकांना पैसे देणे या कृतीचाही अर्थ एकेरी नाही. तो यजमानाचा सन्मान आहे, आणि त्याच वेळी देणाऱ्याच्या वरचढपणाचे प्रदर्शनही आहे. मोरोक्कोतील यहुदी लग्ने खर्चिक असत. मखमलीवर जरीचे भरतकाम केलेला ‘केस्वा एल् केबीरा’ हा वधूवेष, मेंदीचा समारंभ, अनेक दिवस चालणारे वादन या सर्वांचा भार सामान्य कुटुंबाला सोसवत नसे, म्हणूनच फेझच्या यहुदी समाजाला पूर्वीच्या शतकांत लग्नखर्चावर मर्यादा घालणारे नियम करावे लागले होते. ज्या समाजाला एरवी रस्त्यावर साधेपणाने वावरणे भाग होते, त्याला ऐश्वर्य दाखविण्याची जागा घराच्या भिंतींआडच उरत असे. परधर्मीय पाहुणा हा त्या प्रदर्शनाचा प्रेक्षक होता, आणि प्रेक्षकाशिवाय प्रदर्शनाला अर्थ नसतो.

चित्राची सर्वांत मोठी उणीव म्हणून वधूच्या अनुपस्थितीकडे बोट दाखविता येईल. ‘यहुदी विवाह’ या नावाच्या चित्रात वधू नाही, वर ओळखू येत नाही, ‘हुप्पा’चा मांडव नाही, ‘कतुबा’ हा विवाहकरार नाही, सात आशीर्वचने म्हणणारा रब्बी नाही. परंतु ही उणीव अज्ञानाची म्हणता येत नाही. १८४२ च्या लेखात दलाक्र्वा वधूविषयीच सविस्तर लिहितो : रंगविलेला चेहरा, उंच शिरोभूषण, मिटलेले डोळे, स्त्रियांच्या घोळक्यात मूर्तीसारखी निश्चल बसलेली मुलगी, मग रात्री दिव्यांच्या उजेडात नातलगांनी आधार देत तिला सासरी नेणारी वरात, आणि तेव्हाही ते डोळे मिटलेलेच. आतल्या दालनाची माहिती त्याला होती. तरीही रंगवावयाचे ठरले तेव्हा त्याने अंगण निवडले. अंगण हीच परक्याची जागा होती. मूर आणि फ्रेंच दोघांचीही. लेखात मिळणारी माहिती अधिक असली, तरी पाहुण्याच्या स्थानाविषयी चित्रच अधिक प्रामाणिक आहे.

सूचीतील ‘मिसळले आहेत’ या शब्दांवरून सर्वधर्मसलोख्याचे सुखद चित्र काढण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला आवर घालणारी घटना दूर शोधावी लागत नाही. १८३४ मध्ये, म्हणजे या लग्नानंतर अवघ्या दोन वर्षांनी, याच टँजिअरमधील सोल हाचुएल ही सतरा वर्षांची यहुदी मुलगी, इस्लाम स्वीकारून तो सोडल्याच्या आरोपावरून, फेझ येथे शिरच्छेद करून मारण्यात आली. तिने धर्म बदललाच नव्हता, असे यहुदी परंपरा सांगते. जे मुसलमान शेजारी लग्नाच्या अंगणात येत, त्यांच्याशी असलेले नाते आणि ज्या कायद्याखाली ही मुलगी गेली तो कायदा, ही दोन्ही त्याच एका समाजरचनेची अंगे होती. वकिलातीचा आश्रयही नेहमी पुरत नसे. ६ ऑगस्ट १८४४ रोजी फ्रेंच आरमारानेच टँजिअरवर तोफा डागल्या. त्यानंतर काही दिवसांनी मोगादोरवरील हल्ल्यापाठोपाठ आसपासच्या टोळ्यांनी तेथील मेल्लाह लुटला. दलाक्र्वाचा लेख छापून येऊन तेव्हा जेमतेम अडीच वर्षे झाली होती.