सॅक्रामेंटोचा हिवाळी पूर

पूर म्हटला की आपल्याला आषाढ-श्रावण आठवतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मात्र पाऊस हिवाळ्यातला. समुद्रावरून वादळं येतात, डोंगरावर बर्फ साठतं. एखादं वादळ उबदार निघालं की डोंगरावरही पाऊसच पडतो, साठलेलं बर्फ वितळतं आणि दोन्ही पाणी एकदमच नदीत उतरतं. १८६१ च्या डिसेंबरात तसंच झालं.

राजधानीचं सॅक्रामेंटो शहर दोन नद्यांच्या संगमावर. आधी पूर सोसलेले, म्हणून लोकांनी भोवती मातीचे बांध घातले होते. ९ डिसेंबरला अमेरिकन नदीने वरचा बांध फोडला. पाणी आत शिरलं, पण खालचा बांध धड राहिला. मग पाणी जाणार कुठे? कढईत साठावं तसं ते शहरात साठत गेलं. शेवटी तो बांध फोडायला बेड्या घातलेले कैदी पाठवावे लागले. वाट मिळताच पाणी अशा जोराने सुटलं, की घरंही ओढून घेऊन गेलं.

जानेवारीत पुन्हा तेच. १० जानेवारी १८६२ ला नवे राज्यपाल लेलँड स्टॅनफर्ड शपथ घ्यायला नावेतून गेले. त्याच महिन्यात विधिमंडळाने मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोला हलवला. राज्यपालांची नाव सगळ्यांच्या लक्षात राहिली. बुडालेली गुरं कोणाला आठवतात?

आम्हाला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. तिथल्या मूळ रहिवाशांना त्या खोऱ्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मेरीसव्हिल भागातले असे लोक पूर येण्याआधीच डोंगराकडे निघून गेल्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. गावं वसवणारे नवे लोक नदीकाठी राहिले.

पूर ओसरल्यावर सॅक्रामेंटोने मुख्य रस्तेच काही फूट उंच केले. काही इमारती स्क्रू-जॅक लावून उचलल्या, काहींचा तळमजला जमिनीखाली गेला. जुन्या शहरात तो आजही पाहायला मिळतो. पण रस्ते वर गेले, तसे नद्यांचे तळही वर येत होते. डोंगरात सोन्यासाठी मोठ्या नळ्यांनी पाण्याचे फवारे मारून कडेच्या कडे धुऊन काढत. सोनं खाणवाल्यांना, गाळ खालच्या शेतकऱ्यांना! पात्र भरलं की थोड्या पाण्यालाही नदी काठ सोडते, आणि बांध आणखी उंच करावा लागतो. फळबागा, गव्हाची शेतं रेती-चिखलाखाली गेली. खाणवाल्यांकडे पैसा होता, म्हणून हे वर्षानुवर्षं चाललं.

शेवटी शेतकरी संघटित झाले आणि वाद न्यायालयात गेला. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायमूर्ती सॉयर यांनी खाणींचा गाळ नद्यांत सोडायला मनाई केली. गाळ मात्र नदीतच होता. तो वाहून जायला पुढे कित्येक दशकं लागली.